उड्डाणाची उमेदवारी

आपल्याकडील बहुतेक हस्तव्यवसायांत उमेदवारीचा एक जुना शिरस्ता चालत आलेला आहे. सोनाराच्या पेढीवर, सुताराच्या कारखान्यात किंवा छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या कारागिराच्या हाताखाली राहिलेला पोरगा पहिली दोन-चार वर्षे पडेल ते काम करतो, उस्तादाची बोलणी खातो, आणि त्याच्या बदल्यात कसब व पोटापुरते अन्न या दोन्ही गोष्टी पदरात पाडून घेतो. कसब अंगी मुरले की त्याच दुकानात त्याला रोजमुरा सुरू होतो. वैमानिकाचा व्यवसाय मात्र या शिरस्त्याला पहिल्या दिवसापासून अपवाद ठरला. येथे शागीर्दानेच उस्तादाला, विमानाला, पेट्रोलाला आणि धावपट्टीला मोल द्यावयाचे असते, आणि ते मोल महिन्यावर किंवा वर्षावर नव्हे, तर घड्याळाच्या तासावर मोजले जाते. भारतातील विमानशिक्षणाला आता शंभर वर्षे पुरी होत आली. त्या शतकाचा इतिहास यंत्रांच्या आणि पराक्रमांच्या अंगाने पुष्कळदा सांगितला गेला आहे. परंतु हा तास कोणी विकत घेतला, कोणाच्या पैशाने घेतला आणि कशासाठी, या एका प्रश्नाच्या अंगाने तो पाहू गेल्यास त्याचे निराळेच स्वरूप दिसू लागते, असे मला वाटते.

पहिल्या महायुद्धाच्या काळी ज्या हिंदी तरुणाला विमान चालविण्याची आकांक्षा होती, त्याला इंग्लंडास गेल्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर अशाच रीतीने तिकडे विमानविद्या शिकले, रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारपदावर रुजू झाले आणि १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम आघाडीवर कामास आले. ज्या राज्याच्या रक्षणासाठी ते लढले, त्याच राज्यात हिंदी माणसाला लढाऊ वैमानिकाची सनद देण्याविषयी सरकारी दप्तरांत किती नाखुशी होती हे लक्षात घेतले, म्हणजे त्यांच्या बरोबरीच्या हिंदी वैमानिकांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच का राहिली, हे निराळे सांगावे लागत नाही. वेलिंगकरांचे नाव आज महाराष्ट्रात कितीशा लोकांना ठाऊक असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण तो येथे सोडून देतो.

सरकारचे धोरण बदलले ते १९२७ च्या सुमारास, आणि बदलले तेही हिंदी तरुणांच्या हौसेची कदर करण्यासाठी नव्हे. लंडनपासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जाणारा साम्राज्याचा हवाईमार्ग त्या वेळी आखला जात होता, आणि त्या मार्गाचा एक मोठा तुकडा कराची, दिल्ली व कलकत्ता या शहरांवरून जाणार होता; लंडन ते कराची अशी नियमित हवाई सेवा १९२९ च्या मार्चअखेर सुरूही झाली. एवढ्या विस्तृत मुलखातून विमाने जावयाची तर जागोजाग उतरण्याची मैदाने, पेट्रोलचे साठे, हवेचा अंदाज देणारी ठाणी आणि यंत्रे समजणारी माणसे यांची जरूर पडणार, हे दिल्लीच्या कारभाऱ्यांनी ओळखले. १९२७ साली मुलकी विमानवाहतुकीचे स्वतंत्र खाते निघाले, लेफ्टनंट कर्नल शेल्मरडाइन हे त्याचे पहिले संचालक झाले, त्याच वर्षी एअरो क्लबाची स्थापना झाली, आणि लगोलग १९२८ साली दिल्ली, कराची, कलकत्ता व मुंबई या चार ठिकाणी उड्डाणाचे क्लब उघडले गेले. इंग्लंडात तीनच वर्षांपूर्वी हलक्या विमानांच्या क्लबांना सरकारी अनुदान देण्याची जी पद्धत सुरू झाली होती, तीच येथे उचलली होती. विमान आणि वार्षिक मदत सरकारने द्यावी, वर्गणी आणि तासाचे दर सभासदांनी भरावेत, असा हा व्यवहार होता. म्हणजे तासाचे मोल अर्धे सरकार देई आणि अर्धे शिकणाराच देई. आणि हे दुसरे अर्धे देण्याची ऐपत त्या काळी संस्थानिक, गिरणीमालक, बडे व्यापारी आणि गोरे अधिकारी यांच्यापलीकडे फारच थोड्यांना होती. विमानाची शाळा ही आपल्याकडे शाळेच्या रूपाने न जन्मता जिमखान्याच्या रूपाने जन्मली, याचे कारण हे आहे.

मुंबईच्या क्लबाला जागा मिळाली ती जुहूची. आज ज्यांनी जुहूचे वैभव पाहिले आहे त्यांना हे खरे वाटणार नाही, परंतु तेव्हा तेथे समुद्राच्या पातळीला जेमतेम लागून असलेला खारवट चिखलाचा एक सपाट पट्टा होता, भोवती माडांच्या वाड्या आणि कोळ्यांची वस्ती होती, आणि पावसाळ्याचे चार महिने हा सगळा पट्टा पाण्याखाली जाई. विमाने होती डी हॅविलंड कंपनीची मॉथ जातीची: लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बसविलेली, वर-खाली दोन पंखांची, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठकांची. पुढच्या बैठकीत उस्ताद बसे आणि मागच्या बैठकीत शिष्य. इंजिनाच्या घरघरीत व वाऱ्याच्या झोतात एकमेकांचे बोलणे ऐकू येणे अशक्यच, म्हणून दोघांच्या कानटोप्यांना जोडलेल्या एका रबरी नळीतून सूचना दिल्या जात. आणि ती नळी, बहुतेक उस्ताद सैन्यातून आलेले असल्यामुळे, सूचनांपेक्षा शिव्याच अधिक वाहून नेत असे, असा समज रूढ होता. चाकांना ब्रेक नसत. इंजिन सुरू करावयाचे तर कोणीतरी पुढे उभे राहून पंखा हाताने फिरवावा लागे, आणि बैठकीतील माणसाने बटण चालू आहे की बंद हे मोठ्याने सांगून मगच पुढचे पाऊल उचलावयाचे. या एका सवालजबाबात चूक झाली तर पंखा फिरविणाऱ्याचा हात जाई.

या साध्या यंत्रावर जे शिक्षण दिले जाई, त्याची इयत्तावारी आजतागायत फारशी बदललेली नाही. प्रथम सरळ आणि समपातळीत उडणे, मग चढणे आणि उतरणे, मग वळणे. त्यानंतर वेग मुद्दाम इतका कमी करावयाचा की पंखांना वाऱ्याचा आधार सुटावा आणि विमान कोसळू लागावे, आणि त्या कोसळण्यातून ते सावरावयाचे. आणि हे सर्व येऊ लागल्यावर मैदानाभोवती चौकोनी फेरा घेऊन पुनःपुन्हा उतरण्याचा सराव करावयाचा. उतरणे हाच या विद्येचा खरा कस आहे. जमीन वर येऊ लागली की नवख्या माणसाचा हात भीतीने आखडतो किंवा उतावळेपणाने पुढे जातो. जमिनीपासून हातभर उंचीवर विमान धरून ठेवून त्याचा वेग आपोआप संपू देणे, हे कितीही तोंडाने सांगितले तरी ज्याचे त्याला एके दिवशी अचानकच साधते. जुहूला त्यात समुद्राच्या वाऱ्याची भर होती. सकाळी वारा पडलेला असे तेव्हा नवशिक्यांनी उडावे आणि दुपारी खारे वारे सुटले म्हणजे जाणत्यांनी, अशी वाटणी आपोआपच झाली. एखाद्या सकाळी उस्ताद स्वतः खाली उतरतो, पट्टे बांधून ठेवतो आणि शिष्याला एकट्यालाच एक फेरा मारून यावयास सांगतो. या पहिल्या एकल उड्डाणानंतर नव्या वैमानिकाच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतण्याचा रिवाज आपल्याकडील उड्डाणशाळांतून अजूनही पाळला जातो.

मुंबई क्लबाच्या पहिल्या शिष्यांपैकी एक होते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. चोवीस वर्षांच्या या तरुणाने चार तासांहूनही कमी शिक्षणावर एकल उड्डाण केले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना जो परवाना मिळाला त्यावर एक हा अनुक्रमांक होता. पुढल्याच वर्षी आगाखानांनी लावलेल्या ५०० पौंडांच्या पारितोषिकासाठी, इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने विमानातून ठराविक मुदतीत कापण्याची, जी शर्यत झाली, तिची हकिकत आता दंतकथेच्या पदवीला पोहोचली आहे. शर्यतीत उतरलेले वैमानिक मनमोहन सिंग मुदतीच्या अटीत बसले नाहीत. कराचीहून निघालेले टाटा आणि इंग्लंडहून निघालेला सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर यांची इजिप्तमध्ये अबूकीर येथे गाठ पडली, आणि इंजिनाच्या स्पार्क प्लगवाचून खोळंबलेल्या त्या पोराला टाटांनी आपल्याजवळचा सुटा प्लग काढून दिला. शर्यत अस्पीने जिंकली. पुढे हाच अस्पी इंजिनियर १९६० साली भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. या गोष्टीतले औदार्य सर्वांना भावते आणि भावावे हेही योग्यच आहे. तथापि माझे लक्ष तिच्यातल्या दुसऱ्या एका बाबीकडे जाते. या शर्यतीत उतरलेला प्रत्येक जण स्वतःच्या किंवा वडिलांच्या खर्चाने उडत होता. उड्डाण हा तोपर्यंत चरितार्थाचा विषयच झाला नव्हता.

तसा तो होण्याची तरतूद कायद्यात होती. परवाने दोन वर्गांचे असत: ‘अ’ वर्गाचा परवाना हौशी वैमानिकाचा, आणि ‘ब’ वर्गाचा परवाना ज्याला मोबदला घेऊन माणसे किंवा माल वाहून न्यावयाचा आहे त्याचा. ‘अ’ थोडक्या तासांत हाती येई. ‘ब’साठी मात्र उड्डाणाच्या तासांची मोठी बेगमी दाखवावी लागे, रात्रीचे उड्डाण करावे लागे, दिशाज्ञान, हवामानशास्त्र, यंत्रविद्या व नियम यांच्या परीक्षा द्याव्या लागत आणि डॉक्टरांची कडक तपासणी उत्तीर्ण व्हावी लागे. हा सगळा खर्च आणि खटाटोप करून ‘ब’ वर्गाची सनद मिळविली तरी ती दाखवावयाची कोणाला, हाच पेच होता. त्याचे पहिले उत्तर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी मिळाले. त्या दिवशी टाटा पस मॉथ विमानातून टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादेत त्यांचे पेट्रोल बैलगाडीतून आणलेल्या डब्यांनी भरले गेले. पुढला बेल्लारी व मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडविला. पहिल्या वर्षात या सेवेने १,६०,००० मैल कापले, आणि प्रवासी नेले अवघे १५५. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली गेले की सगळा बारदाना पुण्याला हलवावा लागे. वैमानिकाजवळ रेडिओ नव्हता. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारा लोहमार्ग एवढ्यावरच त्याची भिस्त होती. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग टेकले असता घाट ओलांडावा की मागे फिरावे, याचा निर्णय ज्या माणसाला एकट्याने घ्यावा लागतो, त्याला ‘ब’ परवान्याची तासांची अट जाचक वाटत नसे. उलट ती अपुरीच वाटत असली पाहिजे.

तासांच्या या हिशेबात स्त्रियांचे नाव लवकर लागले, हे आपल्या समाजाच्या त्या वेळच्या स्थितीत आश्चर्य करण्यासारखे आहे. १९३२ साली ऊर्मिला पारीख यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. १९३६ साली सरला ठकराल यांनी साडी नेसूनच जिप्सी मॉथ उडविले. लाहोरच्या क्लबाच्या विमानांवर त्यांनी हजार तास पुरे केले आणि ‘ब’ परवान्याच्या तयारीसाठी जोधपूर गाठले. तेथे १९३९ साली दैवाने दोन्ही बाजूंनी घेरले: वैमानिक असलेले पती विमान-अपघातात गेले, आणि महायुद्धामुळे मुलकी शिक्षण बंद पडले. त्यांनी ती वाट सोडून चित्रकलेचे शिक्षण घेतले. हौशी परवाना हा श्रीमंत आणि उदार घरातील स्त्रीला मिळू शकत होता. धंद्याचा परवाना मिळण्यासाठी आणि तो मिळाल्यावर काम लाभण्यासाठी आणखी काही घडावे लागणार होते.

युद्धाने क्लबांचे रूपच पालटले. जी विमाने हौशी सभासदांना तासाने दिली जात, तीच आता वायुसेनेच्या उमेदवारांना प्राथमिक धडे देण्यासाठी सरकारने राबविली, आणि तासाचे मोल प्रथमच संपूर्णपणे सरकारी तिजोरीतून दिले जाऊ लागले. १९४० साली चोवीस हिंदी वैमानिक इंग्लंडास रवाना झाले. त्यांतले बहुतेक या क्लबांतूनच तयार झालेले होते. ज्या पोरांच्या वडिलांना तासाचा दर कधीच परवडला नसता, त्यांनाही युद्धाने आकाश दाखविले. हे कबूल करताना बरे वाटत नाही, परंतु ते खरे आहे.

१९४५ नंतर सैन्यातून मोकळे झालेले वैमानिक आणि अमेरिकन फौजांनी मागे टाकलेली डाकोटा विमाने ही दोन्ही बाजारात एकाच वेळी आली, आणि स्वस्त यंत्र व तयार माणूस यांच्या बळावर विमान-कंपन्यांचे अमाप पीक आले. त्या दिवसांतील सर्वांत देखणी योजना रात्रीच्या हवाई टपालाची. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव तळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या गावी परतत. रात्रीचे उड्डाण ही तोवर परीक्षेपुरती करावयाची गोष्ट होती. नागपूरच्या या योजनेने ती वैमानिकांच्या एका पिढीची नित्याची चाकरी करून टाकली. कंपन्यांचे पीक मात्र टिकले नाही. आपसांतील चढाओढीने बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी त्या सर्वांचे राष्ट्रीयीकरण झाले. राष्ट्रीयीकरणाचा एक परिणाम असा, की नोकरी देणारा धनी यापुढे एकच उरला. अलाहाबादच्या क्लबात परवाना मिळविलेल्या प्रेम माथूर यांना एकामागून एक कंपन्यांनी स्त्री म्हणून परत पाठविले होते आणि अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले. नकार देणारे अनेक असले म्हणजे होकार देणारा एखादा तरी निघतो, ही सोय १९५३ नंतर उरली नाही. इंडियन एअरलाइन्सने पहिली स्त्री-वैमानिक घेतली ती १९६६ साली, दुर्बा बॅनर्जी यांच्या रूपाने. आणि कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांनी चालविलेले विमान कलकत्त्याहून सिलचरला गेले ते १९८५ साली.

स्वतंत्र भारताच्या सरकारने क्लबांना दिलेल्या देणग्यांमध्ये सर्वांत मोलाची मला वाटते ती पुष्पक विमानाची, आणि तिच्यामागे एक मराठी माणूस आहे. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात विमानरचनेचा विभाग उभा केला. त्यांचे एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले. १९५८ साली त्याच कारखान्यातून पुष्पक निघाले: शेजारी-शेजारी दोन बैठका, वर एकच पंख, आणि चालविण्याचा खर्च बेताचा. अशी दीडशेच्या आसपास विमाने बांधून देशभरच्या क्लबांना वाटण्यात आली. उस्ताद आता शिष्याच्या शेजारी बसू लागला. रबरी नळी गेली, आणि चेहरा दिसू लागल्यामुळे शिव्याही थोड्या कमी झाल्या असाव्यात. अनुदानाच्या दराने उडणाऱ्या या पुष्पकांवर मध्यमवर्गातील कितीतरी मुले वैमानिक झाली, आणि भारतीय वैमानिकाचा पेशा बापाच्या तिजोरीवर अवलंबून नसलेला असा जो थोडा काळ दिसला, तो हाच.

तेवढ्यात जुहूचे दिवस भरत आले होते. युद्धकाळात बांधलेल्या सांताक्रूझ तळाकडे मोठी वाहतूक निघून गेली, आणि दोन्ही तळ इतके जवळ की १५ जुलै १९५३ रोजी एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट हे जेट विमान जुहूलाच सांताक्रूझ समजून तिथल्या तोकड्या धावपट्टीवर उतरले. ते बाहेर काढायला नऊ दिवस लागले. १९७२ साली एका जपानी विमानाने हीच चूक केली आणि ते धावपट्टीबाहेर जाऊन मोडले. अशा गजबजलेल्या आकाशात नवशिक्याने घिरट्या घालीत बसणे उत्तरोत्तर अवघड होत गेले. तासाचे पैसे भरलेला विद्यार्थी इंजिन चालू ठेवून परवानगीची वाट पाहत उभा राहू लागला. सरकारचेही मन क्लबांवरून उडाले होते. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे १९८०च्या दशकात इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी निघाली, आणि क्लबाऐवजी अकादमी, सभासदाऐवजी विद्यार्थी व वर्गणीऐवजी शुल्क, अशी भाषा रूढ झाली.

शुल्काच्या या युगात तासाचा बाजार मांडला जाणे अटळ होते. धंद्याच्या परवान्यासाठी लागणारे तास मध्यंतरी अडीचशे होते, पुढे ते दोनशे झाले. त्यांत किमान शंभर विमानाचा प्रमुख म्हणून, शिवाय लांबच्या पल्ल्याचे, उपकरणांवर विसंबून केलेले आणि रात्रीचे, अशी पोटविभागणी असते. नोंद होते ती वैमानिकाच्या लॉगबुकात, आणि तीवर सही उस्तादाची. नोंद जेथे पैशात मोजली जाते तेथे खोटी नोंदही जन्माला येतेच. १९९०च्या दशकात खाजगी कंपन्या उभ्या राहिल्या आणि कोसळल्या, २००३ नंतर स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांनी वैमानिकांची एकच मागणी उठविली. आणि २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळविलेले वैमानिक पकडले गेले, तेव्हा चौकशीचा रोख उड्डाणशाळांच्या दप्तरांतील फुगविलेल्या तासांकडेही वळला. हा गुन्हा करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. परंतु ज्या मुलाच्या बापाने घर गहाण टाकून तास विकत घेतले आणि ज्याला विमान नादुरुस्त म्हणून सहा महिने जमिनीवर बसविले गेले, त्याच्यापुढे कोणता मोह उभा राहत असेल, हे न पाहता केवळ शिक्षेची भाषा करणे सोपे आहे.

आज महाराष्ट्रात हे शिक्षण जुहूहून पार आत सरकले आहे. मुंबईच्या क्लबाची विमाने धुळ्याला उडतात. बारामतीला शाळा आहे, गोंदियाजवळ बिरसीच्या तळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, आणि अमरावतीजवळ बेलोऱ्याला स्वतःची शाळा काढण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले. कारण उघड आहे: आकाश मोकळे, पाऊस कोकणापेक्षा पुष्कळ कमी, आणि मोठ्या विमानांची अडगळ नाही. समुद्रकाठच्या शहरातील पोराने विमान शिकण्यासाठी खानदेशाची किंवा विदर्भाची गाडी पकडावी, ही उलटापालट गमतीची आहे. पुष्कळ जण ती गाडीही न पकडता थेट अमेरिकेला किंवा दक्षिण आफ्रिकेला जातात, कारण तिथे विमाने अधिक आणि तास लवकर भरतात. परत आल्यावर इथल्या परीक्षा देऊन परवाना बदलून घ्यावा लागतो तो निराळाच. सगळे मिळून खर्च ५० लाखांच्या वर सहज जातो, आणि एवढ्यावर नोकरी लागत नाही. ज्या जातीचे जेट विमान कंपनी चालविते त्याचे वेगळे शिक्षण पुन्हा स्वखर्चाने घ्यावे लागते. १९३४ चा विमानविषयक कायदा रद्द होऊन त्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, पण १९३७ च्या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत परवान्याच्या ज्या अटी लिहिल्या जात आल्या, त्यांत दोनशे तास मागितले आहेत. त्यांचे पैसे कोणी भरावेत याविषयी एकही कलम नाही.